दोन टिंबं

नव्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपर माझ्या नाकासमोर धरला, एका नावाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "ही दोन टिंबं कसली?" बावीस वर्षं मी कॅज्युअल्टीच्या खिडकीत बसतोय. या अवधीत लोकांनी मला नाही नाही ते विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "पेन टेकतं कधीकधी," मी म्हणालो. "दोनदा? सारख्या अंतरावर? आणि ठरावीक लोकांच्याच नावाखाली?" आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. रागावलेल्या माणसाला उलट उत्तर देता येतं. "सिस्टरनी सांगितलंय मला," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याकडून ऐकायचं होतं." माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खिडकीपलीकडे एक बाई पोराचा सुजलेला अंगठा उंच धरून उभी होती. मी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच मला सोडवावं. मग मी खाली मान घालून सांगितलं, "दुखण्याच्या नावाखाली नशेच्या गोळ्यांसाठी येणारे असतात ना, त्यांना."

आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर टिंब येतं, पोटातही येतं, पण ओळीखाली दोन टिंबं कधी येत नाहीत. म्हणून ती नजरेत भरतात आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. ही युक्ती माझी. कुणी शिकवली नाही, कुठल्या नियमात नाही. आधी मी कोपऱ्यात फुली करायचो, पण ती रुग्णाला दिसायची. टिंबं रुग्णाला दिसत नाहीत, दिसली तरी शाईचा डाग वाटतो, अशी माझी समजूत होती. पाठ धरून येणारे, दाढ धरून येणारे, गोळीचं नाव स्वतःच अचूक सांगणारे, आणि दुसरी गोळी चालेल का म्हटलं की चेहरा पडणारे. दोन वाक्यांत मी ओळखायचो. सिस्टर टिंबवाला कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची. तो माणूस बाकावर बसून राहायचा, पाय हलवत, नाक पुसत. शेवटी एखाद्या शिकाऊ डॉक्टरने बोलावलंच तर हातात चिठ्ठी पडायची, व्यसनमुक्ती केंद्राची, तीन आठवड्यांनंतरच्या तारखेची. बहुतेक जण तिथवर थांबायचेच नाहीत. मग मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, "रुग्ण न सांगता गेला." माझं अक्षर चांगलं आहे, हे वाक्य तर छापल्यासारखं यायचं. एक मोठे डॉक्टर निवृत्त होताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, यांची नजर म्हणजे आपलं दुसरं एक्स-रे मशीन. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला ते दोनदा सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाई मला झापतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "टिंबं चालू ठेवा. फक्त आता तो कागद गठ्ठ्याच्या वर ठेवायचा, खाली नाही." तीन आठवड्यांनंतरची तारीख देणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या वर्गाचा पत्ता देणं आहे, असं त्यांचं म्हणणं. आला त्याच दिवशी, इथेच, पहिली गोळी द्यायची. ही गोळी जिभेखाली ठेवायची असते. ती तलफ शमवते, पण डोक्यात चढत नाही. पुढची औषधं रोजची, त्यासाठी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ओपीडीत यायचं. "पण तुम्ही एक विचारायचं," त्या म्हणाल्या, "शेवटची केव्हा घेतली. तास लिहायचा, कोपऱ्यात." का ते त्यांनी खुर्चीवरूनच समजावलं. नशेचा अंमल मेंदूत अशाच एका खुर्चीत बसलेला असतो म्हणे. खुर्चीत कुणी घट्ट बसलं असताना आपली गोळी गेली, तर ती त्याला धक्का देऊन स्वतः बसते. तो एकदम फेकला जातो, आणि रुग्णाच्या अंगाची अशी काही तडफड होते की तो पुन्हा या दारात पाय ठेवत नाही. आधीचा आपण होऊन उठायला लागलेला हवा. बारा तास तरी. "मग घाम येतो, काटा येतो, जांभया येतात. जांभया यायला लागल्या की मला हाक मारा." जाताना वळून म्हणाल्या, "आणि जुने कागद काढा. टिंबवाले सगळे. फोन करून बोलवा. तुमची नजर अशी कामाला येईल." मला शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो. त्या दिवशी डबा तसाच परत गेला, आणि बायकोने विचारलं, काय झालं, तर मी म्हणालो, काही नाही, ॲसिडिटी.

काही नाही. या दोन शब्दांवर आमचा संसार तीन वर्षं उभा आहे. जुने गठ्ठे मागच्या खोलीत होते. मी एकेक नाव नव्या कागदावर उतरवत गेलो, आणि एका नावापाशी आलो तसा पाणी प्यायला उठलो. परत आलो आणि त्याच्या पुढच्या नावापासून लिहायला लागलो. ते नाव टिल्लूचं होतं. टिल्लू म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पाळण्यात पडलेलं हे लाडाचं नाव त्याला सहा फूट उंची आल्यावरही चिकटून राहिलं. फरशी बसवायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी जमिनीकडे बघायचा, मग माणसांकडे. आमच्या लग्नात हॉलच्या फरशीचा उतार चुकलाय म्हणून त्याने व्यवस्थापकाशी वाद घातला होता. एका बाथरूमचं काम करताना तो शिडीवरून पडला, उंबऱ्याच्या कडेवर पाठ आपटली, ऑपरेशन झालं. आमच्याच हॉस्पिटलात झालं, आणि गोळ्याही इथल्याच डॉक्टरांनी लिहून दिल्या, हे सगळं नंतर माझ्या सोयीने मी विसरत गेलो. गोळ्या संपल्या तरी त्याची पाठ थांबली नाही, की पाठ थांबली आणि दुसरंच काही सुरू राहिलं, मला कळलं नाही. मला कळलं ते इतकंच की सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या आमच्या कपाटातून नाहीशा झाल्या आणि त्याच आठवड्यात टिल्लू जेवायला येऊन गेला होता. बायको म्हणाली, मीच टाकून दिल्या असतील. ती खोटं बोलत होती, आणि मला तिचा नाही, त्याचा राग आला.

मग ती दुपार. तो खिडकीसमोर आला, महिन्यात तिसऱ्यांदा, रांगेत सगळ्यांसारखा उभा राहून. एक हात कमरेवर. दाढी वाढलेली. "भाऊजी, आज खरंच फार दुखतंय हो." आज खरंच, म्हणाला. म्हणजे आधी खरं नव्हतं, असं माझ्यातल्या हुशार माणसाने लगेच पकडलं. त्याच्यामागे माझ्या ओळखीचा एक शिपाई उभा होता, आणि मला वाटलं, याला कळू नये हा माझा कोण. मी त्याला नाव विचारलं. माझ्या बायकोच्या भावाला मी त्याचं नाव, वय, पत्ता विचारला, आणि त्यानेही ते सांगितलं, एकही शब्द जास्त न बोलता. मी लिहिलं. खाली दोन टिंबं दिली. हात अजिबात थरथरला नाही, उलट आत कुठेतरी बरं वाटलं, घरात चोर पकडल्यासारखं. तो दुपारी एक वाजल्यापासून बाकावर बसून होता. मी मधून मधून पाहायचो. साडेपाचला पाहिलं तर बाक रिकामा होता. मी रकान्यात ते माझं छापील वाक्य लिहिलं. संध्याकाळी बायकोने विचारलं, "टिल्लू आला होता ना? तपासलं का त्याला?" मी चपला काढत होतो. चपलांकडे बघतच म्हणालो, "तपासलं. काही नाही म्हणाले." ती म्हणाली, "बरं झालं बाई," आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर त्याने रस्त्यावर मिळेल ते घ्यायला सुरुवात केली. काम गेलं, खोली गेली, तो मित्राच्या गोदामात झोपतो असं कुणीतरी सांगितलं. बायको दर काही महिन्यांनी त्याला भेटून येते आणि आल्यावर बराच वेळ भांडी घासते. तिला वाटतं, डॉक्टरांनी बघून काही नाही म्हटलं होतं, म्हणजे त्याचंच चुकलं. तीन वर्षं ती स्वतःच्या भावाला दोष देतेय, आणि तो दोष मी तिच्या हातात दिलेला आहे. तो त्या दिवशी खरंच दुखण्याने आला होता की गोळीसाठी, हे आता कुणालाच कळणार नाही. जो तपासणार होता त्याच्यापर्यंत कागद गेलाच नाही.

यादीत न लिहिलेलं नाव फार त्रास देतं. लिहिलेली नावं मी एकेक करून फोनवर उरकली. काहींचे नंबर बंद, एकाच्या आईने शिव्या घातल्या, एक जण नुसता श्वास घेत राहिला आणि मग म्हणाला, खरंच बोलावताय? आठ-दहा जण आले. त्यांचे कागद गठ्ठ्याच्या वर ठेवताना मला सवय नसल्यामुळे चूक केल्यासारखं वाटायचं. शेवटी एका सकाळी मी हॉस्पिटलच्याच फोनवरून टिल्लूचा नंबर फिरवला आणि कामाच्या आवाजात सुरू केलं, "कॅज्युअल्टी विभागातून बोलतोय, आपल्याला कळवण्यात येतं की आता इथे..." पलीकडून खोकला आला आणि मग, "भाऊजी, आवाज ओळखला हो मी." मी म्हणालो, "ये." तो म्हणाला, "बघतो."

आठ दिवसांनी तो आला. ऐन बारा वाजता, रांग नव्हती. चेहऱ्याची हाडं वर आलेली, तरी आल्या आल्या त्याने जमिनीकडे बघितलं. "अजून तशीच आहे," तो म्हणाला, "बाकाकडे पाणी जातं सगळं." मी कागद ओढला. या वेळी नाव विचारलं नाही. लिहिलं, आणि पेन थांबलं. त्याने ते पाहिलं. "द्या ना टिंबं," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "आता टिंबवाल्यांना आधी बोलावतात म्हणे." मी टिंबं दिली. दुसरं टिंब लांबट झालं. मग मला विचारायचं ते विचारलं. "शेवटची केव्हा?" "सकाळी सहाला." मी सहाचा आकडा काढायला गेलो तसा तो खिडकीच्या फटीशी वाकला. "रात्री अकरा लिहा ना. नाहीतर बसवतील मला संध्याकाळपर्यंत. त्या बाकावर नाही बसवत मला, भाऊजी. मी उठून जाईन. मला माहितीये, मी जाईन." त्याचे डोळे ओले होते की नुसते लाल, सांगता येणार नाही. मला एकच दिसत होतं, साडेपाच वाजलेत आणि बाक रिकामा आहे. डॉक्टरीणबाईंची खुर्ची, तो धक्का, ती तडफड, सगळं मला आठवत होतं. पण मनात म्हटलं, डॉक्टर लोक नेहमी हातचं राखून सांगतात. मनात म्हटलं, एकदा तरी याला न थांबवता आत पाठवू दे. कोपऱ्यात मी अकरा लिहिलं, तेही माझ्या त्याच सुंदर अक्षरात, आणि कागद गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवला. जीव भांड्यात पडला. तीन वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं, आणि ते हलकेपण जेमतेम दहा मिनिटं टिकलं.

आतलं दार अर्धं उघडं असतं, मला सगळं ऐकू येतं. सिस्टर नाडी मोजत होती. "घाम नाही. काटा नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीकच आहेत. जांभई दिली का रे एकतरी?" टिल्लू काहीतरी पुटपुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेरा तास झालेत, मग असं कसं?" आणि दारातून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "हे अकरा नक्की ना?" खिडकीसमोर तेव्हा कुणी नव्हतं, पोराचा अंगठा धरलेली बाई नव्हती, शिपाई नव्हता. त्यांच्यामागे खाटेवर टिल्लू बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नक्की." त्यांनी मान हलवली. "ठीक. खिडकीवर नीट विचारलं असेल तर एखाद्याची लक्षणं उशिरा दिसतात." खिडकीवर नीट विचारलं असेल तर. मी समोरच्या रजिस्टरकडे बघत बसलो. पुन्हा तेच केलं होतं मी. तेव्हा त्याला थांबवणारा मीच होतो आणि आता आत ढकलणाराही मीच, आणि दोन्ही वेळा तपासायचं ज्यांनी त्यांना मध्ये येऊ दिलं नाही. पहिल्या वेळी रागाने, आता प्रेमाने म्हणावं तर तेही खरं नाही. मला माझी सुटका हवी होती, बस. आतून गोळीचं पाकीट फाडल्याचा बारीक आवाज आला.

मी खुर्ची मागे लोटली, ती पडली, आणि मी आत गेलो. बावीस वर्षांत त्या दारातून मी रुग्णासमोर कधी गेलो नव्हतो. "सहा," मी म्हणालो. "सकाळचे सहा. मी खोटं लिहिलं." सिस्टरचा हात तसाच हवेत राहिला, बोटांच्या चिमटीत गोळी. डॉक्टरीणबाईंनी आधी गोळी परत घेतली, मग माझ्याकडे पाहिलं. "का?" "हा माझा मेहुणा आहे. तीन वर्षांपूर्वी मी याला..." "ते नंतर," त्या म्हणाल्या. "सहा नक्की?" "नक्की." "हा शब्द तुम्ही मघाशीही वापरलात." टिल्लूच पुढे झाला, "सहाच, मॅडम. मीच म्हटलं त्यांना." त्यांनी अकरावर काट मारून सहा लिहिलं, बाजूला माझी सही घेतली आणि सांगितलं, "बाहेर बसायचं. पाणी पीत राहा. जांभया सुरू झाल्या की आत. आणि तुम्ही, उद्या सकाळी माझ्याकडे या, रजिस्टर घेऊन." त्यांनी मला माफ केलं नाही, शिक्षाही सांगितली नाही. मी उभाच होतो, तर म्हणाल्या, "खिडकीवर लोक थांबलेत."

चार वाजेपर्यंत मी लोकांची नावं लिहिली. प्रत्येक नाव लिहून झालं की बाकाकडे बघायचो. तो तिथेच होता, कोपरं गुडघ्यांवर, नजर फरशीवर. दोनदा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मी एका म्हाताऱ्याचं वय अठरा लिहिलं. तो पाणी प्यायला गेला होता. त्या आठवड्यात माझी पाळी चारलाच संपायची, चारला माझ्या जागी दुसरा कारकून आला. मी डबा घेतला, पण बाहेरच्या दाराकडे न जाता वळसा घालून बाकाशी गेलो आणि त्याच्याशेजारी बसलो. बाक थंडगार होता आणि एका बाजूला कलत होता. "बघा," टिल्लू म्हणाला, "म्हटलं होतं ना, उतार चुकलाय." मी हो म्हणालो. मग समोर पाहिलं. खिडकीची समोरची काच धुरकट आहे, पण बाजूची काच स्वच्छ आहे. या बाकावरून थेट टेबल दिसतं. नवा कारकून एका बाईचं नाव लिहीत होता. त्याचं पेन दिसत होतं, बोटं दिसत होती, नावाखालची रिकामी जागा दिसत होती. बावीस वर्षं या बाकावर बसलेली सगळी माणसं माझा हात बघत होती.

"तुला दिसलं होतं," मी म्हणालो. तो म्हणाला, "रांगेतून नाही कळलं. इथे बसल्यावर तुम्ही दुसऱ्या एकाला टिंबं देताना दिसलात. त्याचाही कागद खाली गेला. मग लक्षात आलं." "आणि तरी साडेपाचपर्यंत थांबलास?" "वाटलं, तुम्ही वर घ्याल. विसरला असाल, आठवेल." मी विचारलं, "ताईला का नाही सांगितलंस तीन वर्षं?" तो हसला, दात दिसले नाहीत. "तुम्ही तिला काय सांगितलं होतं?" "तपासलं म्हणून." "हो, ती म्हणाली मला. मी म्हटलं, हो, तपासलं." त्याने तळहात पँटला पुसले. "तुमच्यात भांडण लावून मला काय मिळालं असतं? एक घर राहिलं होतं तिला." मी फोन काढला. बायकोने पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हणालो, "मी टिल्लूबरोबर बसलोय. त्या दिवशी त्याला कुणी तपासलंच नव्हतं. मीच त्याला तपासू दिलं नाही." पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला. मग ती म्हणाली, "आहे का तो अजून तिथे?" मी म्हणालो, आहे. "उठू देऊ नका त्याला," ती म्हणाली, "येतेय मी," आणि माझ्याशी पुढे काहीच न बोलता फोन ठेवला.

टिल्लूच्या कपाळावर घाम आला होता. पाय हलायला लागला होता. हाताच्या बाहीखालचे केस उभे राहिले होते. हेच सगळं मी तीन वर्षांपूर्वी काचेआडून पाहिलं होतं आणि त्याला नाटक म्हटलं होतं. "जाऊ का मी, भाऊजी?" त्याने विचारलं. मी त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे गच्च धरलं, त्याला दुखलं असेल. "नको," मी म्हणालो. त्याने मनगट सोडवलं नाही. आम्ही दोघं त्या कललेल्या बाकावर एकाच बाजूला सरकत बसून राहिलो. साडेपाच वाजले, मग पावणेसहा. आणि मग त्याने तोंडावर हात न ठेवताच, अगदी लहान पोरासारखी, मोठी जांभई दिली. मी उठून आतल्या दाराकडे धावत गेलो.